डोळ्यांपुढे धरलेला हात

वडील गेले त्याच्या आठव्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी वही पिशवीत टाकली आणि कोपरखैरण्याहून बस धरून वाशीला क्लासला गेले. घरात सुतक होतं. साताऱ्याहून आलेली माणसं सतरंजीवर बसली होती, काकू चहाचं आधण ठेवत होती. कोणी काही विचारायच्या आत मी चपला घातल्या. बंडखोरी वगैरे काही नव्हती. शनिवार होता, शनिवारी क्लास असायचा, म्हणून गेले. आज हे कोणाला सांगितलं तर पटत नाही, आणि तेव्हा आईलाही पटलं नाही.

क्लास आशियातल्या पारंपरिक चित्रकलेचा आणि रंगभूमीचा होता. वर्षभराचा, दर शनिवारी दोन ते पाच, एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. नवी मुंबईत तेव्हा रस्ते आधी झाले होते आणि माणसं मागून येत होती, त्यामुळे इथे असला क्लास निघतो याचंच आम्हाला अप्रूप. शिकवायला एक निवृत्त सर होते. ते खिडक्यांना काळं कापड लावायचे, स्लाइड प्रोजेक्टर सुरू करायचे, आणि जावा, चीन, तिबेट, जपान, केरळ असे एकेक मुलूख भिंतीवर येऊन जायचे. भिंतीला ओल होती. चिनी निसर्गचित्रात त्या ओलीचा एक जास्तीचा डोंगर दिसायचा आणि सर काठीने दाखवायचे, 'हा आपला, हा त्यांचा नाही.'

आम्ही सातजण होतो. मी बी.ए. होऊन वाशीत एका ऑफिसात टायपिंग करत होते. दिवसभरात बोटं दमायची, डोकं मात्र तसंच्या तसं घरी यायचं. म्हणून नाव घातलं, यापलीकडे काही थोर कारण नाही. माझ्यापेक्षा वडिलांनाच त्याचं जास्त कौतुक. ते तुर्भ्याला एका कारखान्यात होते. शनिवारी संध्याकाळी घरी असले की खाटेवर पाय वर घेऊन बसायचे आणि विचारायचे, "काय बाईसाहेब, आज कुठल्या मुलखाला जाऊन आलात?" मग मी वहीतली चित्रं दाखवायची. जावामधल्या चामड्याच्या बाहुल्यांची सावली पडद्यावर कशी पडते ते सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "आमच्या गावाला तमाशात राजा बोलायला लागला की एकजण कंदील त्याच्या तोंडाजवळ न्यायचा. बाकीचे अंधारात. ते पण लिही की तुझ्या वहीत." मी लिहिलं नाही. ते आशियात येतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ऑगस्टमधे एका सकाळी ते पहिल्या पाळीला गेले, नाश्त्याच्या सुट्टीत कँटीनच्या भिंतीला टेकून बसले आणि तसेच गेले. हार्ट. कोणाला आवाज दिला नाही, शेजारच्याला वाटलं डुलकी लागली.

मग माणसं भेटायला यायला लागली. आमच्याकडे भेटायला येणं म्हणजे रडायला येणं. बाई जिन्यात असेपर्यंत साधी असते, कोणता मजला म्हणून विचारते, धापा टाकते. उंबऱ्यात आली की पदर तोंडाला लावते आणि एक हुंदका देते, तो बाहेरच्यांना कळावा एवढा मोठा. मग आईच्या गळ्यात पडायचं. 'आता कुणाच्या तोंडाकडं बघून जगायचं गं' असं एकीनं म्हणायचं आणि दोघींनी रडायचं. दहा मिनिटांनी नाक पुसून ती म्हणते, "मला बिनसाखरेचा हं." मला तेव्हा यात ढोंग दिसायचं. आता दिसत नाही. रडायचं ठरवून आलेली बाईही खरंच रडते, हे मी इतक्या वेळा जवळून पाहिलंय की त्यावर शंका घ्यायची मला लाज वाटते.

आईच्या गळ्यातून सुटली की बाई माझ्याकडे वळायची. मी उभी राहायचे. ती माझ्या गळ्यात पडून रडायची आणि मी तिच्या आंबाड्यातलं फूल बघत राहायचे. डोळे कोरडे ठणठणीत. मला दुःख झालं नव्हतं असं नाही, ते मला सापडत नव्हतं. दाढ काढताना इंजेक्शन देतात, तेव्हा गाल आपलाच असतो, पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो, तसं सगळ्या अंगाला झालं होतं.

पहिले दोन दिवस कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवसापासून मला रडवायचे प्रयत्न सुरू झाले. हेही रीतीतच बसतं, त्यात वाईट हेतू कोणाचा नव्हता. काकूनं वडिलांचा जेवणाचा डबा आणून माझ्या मांडीवर ठेवला. आत्यानं मी तीन वर्षांची असताना ते मला खांद्यावर बसवून यात्रेला कसे न्यायचे ते सांगितलं, आणि सांगता सांगता स्वतःच रडली. तळमजल्यावर एक आगरी म्हातारी राहायची. जुन्या गावातली, हे सगळे प्लॉट कधीकाळी तिच्या सासऱ्याची भातशेती. ती गुडघे धरत तीन मजले चढून आली, माझ्या पाठीवर जोरात थापट्या मारल्या आणि म्हणाली, "रर गो बाय, रर. पानी हाय ते. आत ठेवलंस तं कुजल." मी तिला म्हटलं, "आजी, चहा घ्या." तिनं आईकडे बघितलं. आई खाली बघत होती.

आणि आठव्या दिवशी मी क्लासला गेले. परत आले तेव्हा काकूनं माझं ताट वाढून झाकून ठेवलं होतं आणि सगळ्यांची जेवणं आधीच झाली होती.

तेरावं झालं, माणसं गेली, आणि एका खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या त्या घरात आम्ही दोघी उरलो. आता आई मोकळेपणी रडेल असं मला वाटलं होतं. उलटंच झालं. माणसं गेल्या दिवसापासून तिचं रडणं बंद झालं. ती भाकरी थापायची, कपडे वाळत घालायची, आणि मधेच हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघायची. मला 'जेवायला ये' म्हणणं तिनं सोडलं. ताट ठेवायची आणि भांड्याचा आवाज करायची.

दिवाळीच्या आधी कधीतरी ती बोलली. मी वहीत चिनी नाटकातले रंगवलेले चेहरे काढत होते. लाल म्हणजे एकनिष्ठ, पांढरा म्हणजे कावेबाज, काळा म्हणजे सरळ आणि रागीट. तिनं ते बघितलं आणि म्हणाली, "तुझ्या बापानं तुला डोक्यावर घेतलं होतं. तुझ्या डोळ्यातनं टिपूस नाही आलं."

"येत नाही गं," मी म्हणाले.

"माझ्यासाठी तरी." मग कुकरची शिट्टी झाल्यावर ती परत म्हणाली, "मी एकटी किती रडू? घरात दुसरं माणूस रडत नसलं की मला वेड्यागत वाटतं. वाटतं, मीच उगा करतेय. म्हणून मग मी पण गिळते." एवढं बोलून ती गॅसकडे गेली. ती मला शिक्षा देत नव्हती, माझ्यासाठी थांबली होती, हे मला त्या दिवशी कळलं. कळलं म्हणजे वाक्य समजलं, एवढंच.

मी प्रयत्न केले नाहीत असं कोणी म्हणू नये. न्हाणीघरात दार लावून मी वडिलांचा शर्ट नाकाला लावला होता. साबणाचा वास आला. कांदे चिरायचं काम मुद्दाम मागून घेतलं, पण आई काही खुळी नाही. एकदा तर तुर्भ्याला त्या कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन उभी राहिले. सुटलेल्या पाळीची माणसं डबे हलवत बाहेर पडली, मी त्यांच्यातून वाट काढून बसस्टॉपवर आले, आणि मला भूक लागली.

शनिवार मात्र चुकवले नाहीत. तिथे मला बरं वाटायचं असंही म्हणता येणार नाही, पण तिथे कोणी माझ्या डोळ्यांकडे बघत नसे. काळोखात सगळे भिंतीकडे बघायचे. एका शनिवारी सरांनी आपल्याकडच्या जुन्या शास्त्रकारांचे आठ सात्त्विक भाव फळ्यावर लिहिले. मन भरून आलं की शरीरावर आपोआप उमटणाऱ्या आठ खुणा. पहिला स्तंभ, म्हणजे माणूस खांबासारखा होतो. मग घाम, काटा, आवाज फुटणं, कापरं, रंग उडणं. सातवे अश्रू. आठवा प्रलय, शुद्ध हरपणं. मी ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. पहिल्यावर मी अडकलेय आणि आई सातव्याची वाट बघतेय, असं मनात आलं. गंमत वाटली. आईला सांगावंसं वाटलं, पण ते सांगायचं कसं.

डिसेंबरात जपान आलं. नोह नावाचं त्यांचं जुनं नाटक, त्यात मुख्य नट लाकडी मुखवटा घालतो. मुखवट्याला भाव नसतो, किंवा असला तर इतका थोडा की आहे म्हणायचं धाडस होत नाही. सरांनी एकाच मुखवट्याच्या दोन स्लाइड दाखवल्या. पहिलीत तो किंचित वर उचललेला, दुसरीत किंचित खाली झुकलेला. पहिलीत बाई हसणार होती, दुसरीत रडणार होती. लाकूड तेच.

"आणि रडतात कसं?" आमच्यातल्या एका मुलीनं विचारलं. ती भरतनाट्यम शिकलेली होती आणि म्हणाल तेव्हा एका डोळ्यातून पाणी काढून दाखवायची.

सरांनी उठून दाखवलं. मुखवटा जरासा खाली. उजवा हात सावकाश वर येतो, बोटं जुळलेली, तळवा आपल्याकडे, आणि डोळ्यांपुढे चार बोटं अंतरावर थांबतो. चेहऱ्याला टेकत नाही. थोडा वेळ तसाच राहतो. मग सावकाश खाली.

"एवढंच?" ती मुलगी म्हणाली.

"एवढंच. बाकीचं बघणाऱ्यानं आपापल्या घरून आणायचं," सर म्हणाले आणि त्यांनी पुढची स्लाइड लावली.

फेब्रुवारीत त्यांनी परीक्षेचं सांगितलं. चित्रांची फाइल द्यायची, आणि प्रत्येकानं एका परंपरेतला एक भाव करून दाखवायचा. चिठ्ठ्या टाकल्या. त्या भरतनाट्यमवाल्या मुलीला चिनी सेनापतीचा राग आला. एका आर्किटेक्टला कथकलीतला विस्मय, तो बिचारा महिनाभर भुवया उडवत होता. माझ्या चिठ्ठीत होतं: जपान, रडणं. मी सरांकडे बघितलं. त्यांना माझ्या घरचं काही माहीत नव्हतं, मी सांगितलंच नव्हतं.

खरं नोह मी तेव्हा पाहिलं नव्हतं आणि आजवर पाहिलेलं नाही. माझ्याकडे सरांनी दाखवलेलं होतं आणि फोटोकॉपीत काळपट आलेली दोन चित्रं. सरांनी एक सूचना दिली होती. मुखवट्याला डोळ्यांची भोकं बारीक असतात, नटाला जवळपास दिसत नाही, म्हणून तो समोरच्या एका खांबावर नजर ठेवून आपली जागा ओळखतो. "मुखवटा नसला तरी तुम्ही एक खूण धरा. डोळ्यांच्या जरा वर. आणि चेहरा? चेहरा हाच मुखवटा समजा, हलू द्यायचा नाही." ते मला जमण्यासारखं होतं.

घरात मोकळी भिंत एकच होती, खाट आणि कपाट यांच्यामधली. चार पावलं टाकता येतील एवढी जागा तिथेच होती. आणि डोळ्यांच्या जरा वर त्या भिंतीवर एकच वस्तू होती, ती म्हणजे वडिलांचा फोटो. चंदनाचा हार घातलेला, पासपोर्टच्या फोटोवरून मोठा केलेला, त्यामुळे जरा धुरकट. मी फोटोच्या चौकटीची खालची कड खूण म्हणून धरली. दुसरं काही मनात नव्हतं. मी हे पुन्हा सांगतेय, कारण इतक्या वर्षांनी मलाच मोह होतो काहीतरी होतं म्हणायचा.

महिनाभर, आई बाहेर गेली की मी सराव करायचे. चार पावलं, पाय न उचलता घासत. थांबायचं. मान एवढीशी खाली. हात. सगळ्यात अवघड काय, तर हात थांबवायचा तो क्षण. अलीकडे थांबला तर ऊन लागतंय असं वाटतं. पलीकडे गेला तर डोळ्यात कचरा गेलाय असं वाटतं.

मार्चमधली संध्याकाळ होती, साडेपाच-पावणेसहा. आई मेथी आणि सुकट आणायला खाली गेली होती. तळमजल्यावरच्या म्हातारीची लेक दिवाळे गावात, कोळीवाड्यात दिलेली, ती आली की सुकट घेऊन यायची आणि मग दोघीतिघींच्या तासभर गप्पा व्हायच्या. मला वाटलं होतं तासभर आहे. दार नुसतं लोटलेलं होतं. मी चार पावलं टाकली, फोटोपुढे थांबले, मान झुकवली, हात वर आणला. त्या दिवशी तो बरोबर जागेवर थांबला. महिन्याभरात पहिल्यांदा. मी मनात आकडे मोजत होते, दहापर्यंत धरायचा होता.

सहापर्यंत मोजलं तोच मागे पिशवी पडल्याचा आवाज आला.

आईनं मागून येऊन मला मिठी मारली. मी वळायच्या आधीच तिनं मला वळवलं, माझं डोकं आपल्या मानेत दाबलं आणि आपलं माझ्या खांद्यावर टाकलं. "रड माझ्या बाळा," ती म्हणाली, "रड, रड. मी हाय." आणि मग तिच्यातून जो आवाज आला तो मी आधी ऐकला नव्हता. भेटायला आलेल्या बायकांच्या गळ्यात पडून ती रडायची तो नाही. जाड, खालचा, घोगरा. सात महिने तिनं गिळलेलं होतं ते सगळं. ती खाली बसली, तशी मीही तिच्याबरोबर बसले. माझा उजवा हात आम्हा दोघींच्या मधे अडकला होता, अजून तसाच, बोटं जुळलेली.

मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं, 'आई, मी परीक्षेचं...' एवढं जिभेवर आलं होतं. पण ती माझ्या खांद्यावर त्यांचं नाव घेत होती. आमच्या घरात बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही. लग्नात घेतला तो उखाणा सोडला तर तिनं कधी घेतलं असेल असं मला वाटत नाही. ती ते नाव घेत होती, पुन्हा पुन्हा, आणि हाक मारल्यासारखं. माझा दुसरा हात मोकळा होता, तो तिच्या पाठीवर ठेवला.

कितीतरी वेळानं ती उठली. तोंड धुतलं. जमिनीवर पसरलेली मेथी गोळा केली. मग स्वयंपाकघरातून हाक आली, "जेवायला ये गं." त्या रात्री तिनं माझ्या ताटात स्वतःच्या हातानं भाकरी कुस्करून दूध घातलं, मी लहान असल्यासारखं. मी सगळं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत सगळ्यांना माहीत झालं होतं. जिन्यात म्हातारी भेटली, माझा गाल चिमटीत धरून म्हणाली, "ररलीस ना? बरा झाला." साताऱ्याला पत्र गेलं, काकूचं उत्तर आलं, त्यात माझ्यासाठी वेगळ्या चार ओळी होत्या. वर्षश्राद्धाला माणसं आली तेव्हा कोणी माझ्याकडे रोखून बघितलं नाही. आईला झोप लागायला लागली. ती अंगानं भरली, हळदीकुंकवाला जायची नाही पण बायकांत बसायला लागली, आणि रडू आलं की बिनदिक्कत रडायची. घरात दुसरं माणूस रडलेलं होतं.

परीक्षेत मी पास झाले. सर म्हणाले, सगळं ठीक, फक्त हात खाली यायला फार वेळ लागला. त्यांनी तेवढे मार्क कापले.

तिच्यापासून काही चोरलं असं मला कधी वाटलं नाही. जे हवं होतं ते तिला मिळालं, आणि ते मी मुद्दाम दिलं नव्हतं एवढंच. पण एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. सात महिने ती माझ्यावर रुसून माझी वाट बघत होती. त्या घरात, किंवा कुठेही, माझ्या रडण्याची वाट बघणारं ते एकच माणूस होतं. त्या संध्याकाळनंतर कोणी वाट बघत नव्हतं. माझं झालं होतं, असं सगळ्यांचं ठरलं होतं.

वर्षश्राद्धानंतर महिन्याभरानं, एका रविवारी दुपारी, तांदूळ निवडताना मी धीर केला. म्हणाले, "आई, मला अजून काहीच वाटत नाही गं. ते गेलेत असंसुद्धा वाटत नाही."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर ते जुनं, मला वेड्यात काढणारं हसू होतं. "असं कसं?" ती म्हणाली. "रडलीस की माझ्या खांद्यावर. सगळा खांदा भिजवलास माझा. मोकळी झालीस बाळा तू, आता नको उकरू."

भिजला होता तो खांदा माझा होता. मी ताटातला खडा बाजूला काढला आणि म्हणाले, "हो गं, झाले मोकळी."